ईस्टरची पानं

केंडल,
ता. ११ जानेवारी १९९८

ती. ॲग्नेस आत्यास हेस्टरचा सा. न. वि. वि.

लोकरीचे मोजे पोचले. एक जोड माझा आणि एक बाबांचा असं तू लिहिलं होतंस, पण बाबांनी दोन्ही आपल्या कपाटात ठेवले आणि वर मला ऐकवलं की ताईला माझ्या पायांची काळजी आहे, तुझ्या नाही. थंडीने त्यांची कंबर आखडली आहे. जिना उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतात आणि घेतला नाही असं दाखवतात.

आता माझी बातमी. खानावळ उघडून सव्वा वर्ष झालं, म्हणजे नवी म्हणून लोकांनी सांभाळून घ्यायचे दिवस संपले. नाताळात मी स्पेनचे टोमॅटो आणि कुठल्या कुठून आलेल्या शेंगा वाढत होते, आणि समोर खिडकीतून आपल्याच डोंगरांवरचं बर्फ दिसत होतं. मला कसंसंच झालं. तेव्हा ठरवलं की आता वर्षभर आपल्या खोऱ्यात आणि जवळच्या किनाऱ्यावर त्या त्या महिन्यात जे मिळेल तेवढंच शिजवायचं. माझ्याबरोबर स्वयंपाक करणारी ब्राइडी म्हणते की मग मार्चमध्ये लोकांना मेणबत्त्या वाढाव्या लागतील.

तिचं अगदीच चूक नाही. मार्च-एप्रिलमध्ये साठवणीतलं संपलेलं असतं आणि नवं उगवून यायला मे उजाडतो. आजी त्या दिवसांत काय करायची? बाबांना विचारलं तर म्हणाले, आई एक हिरवं पुडिंग करायची, तसं नंतर कधी खाल्लं नाही. कशाचं ते त्यांना ठाऊक नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोन दिवस तुझ्याकडे येऊ का? पीठ, लोणी मी आणीन. तू फक्त बोलायचं.

कुत्र्याला माझ्यातर्फे थोपट. तुझी माया नेहमीसारखीच असू दे.

तुझी,
हेस्टर


ब्रॅकनगिल,
ता. १९ जानेवारी १९९८

चि. हेस्टरला ॲग्नेस आत्याचे अ. उ. आशीर्वाद.

मोजे पळवणाऱ्याला सांग की दुसरा जोड परत कर, नाहीतर पुढच्या वर्षी एकच मोजा विणून पाठवीन.

तुझा बेत वाचून हसू आलं. आम्ही जन्मभर जे नाइलाजाने खाल्लं ते तुम्ही आता टेबलावर कापड अंथरून खाणार. खा बापडे. जानेवारीत जमिनीत असतो तो पिवळा मोठा सलगम, तो मटणाच्या रश्श्यात जव घालून शिजव. केलची पानं बर्फ पडून गेल्यावर तोडायची, तोवर ती चामड्यासारखी लागतात. फेब्रुवारीत लीकच्या जाड कांदेपाती. मेंढी म्हातारी घे, कोवळ्या मांसाला काही चव नसते. एवढ्यावर मार्चपर्यंत निभेल.

पुढचं पत्रात लिहिण्याजोगं नाही. ते पुडिंग ज्या पानांचं असतं त्यांना इथे ईस्टरची पानं म्हणतात. नदीकाठी, ओलीत, ईस्टरच्या सुमारास चार आठवडे येतात आणि जातात. कृती सोपी आहे, पण समोर बसून सांगेन. पीठ आणू नकोस, माझ्याकडे आहे. फोन करून वेळ कळवण्याच्या भानगडीत पडू नकोस, डाव्या कानाने काही ऐकू येत नाही आणि उजव्याला तुझी घाई झेपत नाही. पत्र टाक.

अंगावर गरम कपडे घालत जा. आशीर्वाद आहेतच.

तुझी आत्या,
ॲग्नेस


केंडल,
ता. २६ एप्रिल १९९८

ती. आत्यास हेस्टरचा सा. न. वि. वि.

तुझ्या चुलीपाशी काढलेले ते दोन दिवस अजून डोक्यातून जात नाहीत. तू सांगितल्याप्रमाणे केलं. ईस्टरची पानं नदीच्या वळणावर सापडली. त्यांत चावऱ्या नेटलचे कोवळे शेंडे, थोडी रानलसूण, भिजवलेले जव. सगळं बारीक चिरून कापडात बांधून उकडलं आणि वरून लोणी नि फेटलेलं अंडं. पहिल्या दिवशी हात नेटलने इतके सुजले की ब्राइडीने मला परातीपासून हाकललं.

आणि आत्या, लोक त्यासाठी येतात. लँकेस्टरहून गाड्या काढून येतात. खाऊन झालं की हे काय होतं म्हणून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत विचारायला येतात. रुबार्बच्या आंबटगोड देठांनाही एवढं प्रेम मिळालं नाही. गेल्या मंगळवारी आपल्या साप्ताहिकातून एक बाई आली होती. एकटीच बसली, दोनदा मागून घेतलं, आणि मग मला समोर बसवून घेतलं. मी तिला पुडिंगबद्दल सांगितलं, घराबद्दलही थोडं सांगितलं. छापून आलं की कात्रण पाठवते.

बाबांना एक ताटली नेऊन दिली. पहिल्या घासाला डोळे मिटले. मग म्हणाले की हेच, पण आईचं जास्त पिवळं असायचं.

मे महिन्यात किनाऱ्यावरून खेकडे येतील, ते घेऊन तुझ्याकडे येते. तोवर माया राहू दे.

तुझी,
हेस्टर


ब्रॅकनगिल,
ता. १० मे १९९८

हेस्टर, आशीर्वाद.

कात्रण पाठवायची तसदी घेऊ नकोस. गुरुवारी आमच्या बायकांच्या मंडळात चहाच्या आधी ईडिथ मॉसपने ते मोठ्याने वाचून दाखवलं. भाचीचं नाव पेपरात आलं म्हणून मला पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. एरवी त्या हॉलमध्ये मला अर्धं ऐकू येत नाही. त्या दिवशी सगळं ऐकू आलं.

सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात टायसनांच्या, म्हणजे आपल्या, मेंढ्या बर्फाखाली गेल्या. घरात खायला उरलं नाही. बर्फ वितळल्यावर थोरली पोर, म्हणजे मी, चर्चच्या आवारात थडग्यांमधून पानं खुडत हिंडायची. म्हाताऱ्या मॉसपबाईने तिला आपल्या नवऱ्याच्या थडग्यावरून काठी घेऊन हाकललं. शाळेत त्यांना चरणारे टायसन म्हणायचे आणि ती पोर वर्गात शिरली की मुलं मेंढीसारखी ओरडायची. सगळं होतं. काही राहिलं नव्हतं. मॉसप हे नाव आलं तिथे ईडिथ अडखळली. ती म्हातारी तिची सासू. अडखळली, पण वाचायचं थांबवता येईना तिला, वाचत गेली.

कोणी हसलं नाही. सगळ्या मान खाली घालून बसल्या, जशा आपण कुणाचा झगा फाटलेला दिसला तर बसतो. मी तेरा वर्षांची असताना जी झाले होते तीच परत झाले, आणि या वेळी अंगावर कोट नि गळ्यात मोत्यांची माळ होती.

मग मी उठले आणि सांगितलं की यातलं एक अक्षर खरं नाही. आमच्या घरी रोज मांस शिजायचं. भाचीला गिऱ्हाईक ओढायचं असतं म्हणून ती गोष्टी रचते, लहानपणापासूनची खोड आहे तिची. ते ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ईडिथने येऊन माझा हात धरला.

फेब्रुवारीत बटाटे सोलताना मी तुझ्यापाशी बोलले ते तुझ्या बाबांपाशी, जॉसपाशीसुद्धा कधी बोलले नव्हते. हे लिहू का असं तू विचारलंस आणि मी हो म्हटलं. मला वाटलं तू कृतीबद्दल विचारते आहेस.

खेकडे आणू नकोस. काही दिवस पत्रही नको.

ॲग्नेस


केंडल,
ता. २१ जून १९९८

ती. आत्यास हेस्टरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र नको म्हणाली होतीस. सहा आठवडे टाकलं नाही. आता लिहिते आहे ते वाचलंच पाहिजेस असं नाही.

तुला वाटलं मी कृतीबद्दल विचारते आहे. तुला तसं वाटतं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. मी तो प्रश्न मुद्दाम तसाच सैल ठेवला, कारण नीट विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. हे मी स्वतःशी कबूल करायला महिना घेतला. आणि दुसरं त्याहून वाईट. त्या पेपरवालीला सांगताना मी फक्त पुडिंगपाशी थांबणार होते. पण बर्फाचं सांगितलं तेव्हा तिने चमचा खाली ठेवला, म्हणून थडग्यांचं सांगितलं. थडग्यांचं सांगितल्यावर तिचे डोळे भरले, म्हणून शाळेचं सांगितलं. मला बरं वाटत होतं, आत्या. पाहुणीला आवडतं आहे हे पाहून आपण जसं आणखी वाढतो, तसं मी तुला वाढत गेले.

तुमच्या गावातून कोणीतरी पेपरला कळवलं की ती हकिगत खोटी आहे, खुद्द आत्यानेच सांगितलं. पेपरवाली परत आली. या वेळी जेवली नाही, उभ्यानेच विचारलं. मी तिला सांगितलं की हो, मी रचलं होतं. पुढच्या अंकात दोन ओळी आल्या, की या खानावळीतली पानं खोऱ्यातली असली तरी गोष्टी बाईंच्या डोक्यातल्या आहेत. हे तुला उपकार म्हणून कळवत नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं एवढंच.

आता लोक विचारतात की मग हे मटण तरी इथलंच ना. काल एका गृहस्थांनी बांगडा कुठल्या बंदरावरचा म्हणून विचारलं आणि मी सांगितल्यावर बायकोकडे बघून हसले. गूजबेऱ्या मात्र या वर्षी फार सुरेख आल्या आहेत. बांगड्याबरोबर त्यांची आंबट चटणी करते. निम्मी उरते.

भिंतीवर आजीचा फोटो लावला होता तो काढला. लावताना कुणाला विचारलं नव्हतं, हेही काढताना लक्षात आलं.

उत्तराची अपेक्षा धरून लिहिलेलं नाही.

हेस्टर


केंडल,
ता. ९ ऑगस्ट १९९८

ती. ताईस जॉसचा सा. न. वि. वि.

मी पत्र लिहितो आहे म्हणजे काहीतरी बिनसलं आहे हे तू पाकीट पाहूनच ओळखलं असशील. कंबर ठीक आहे. मोजे उन्हाळ्यातही घालतो.

पोरीने मला काही सांगितलं नव्हतं. मी दुपारी तिच्या खानावळीत एका कोपऱ्यात शेंगा निवडत बसतो, तेवढीच माझी मदत. गेले दोन महिने मी निवडतो त्या शेंगा खाणारं कुणी नाही. ब्राइडीला तिने नाइलाजाने दुसरीकडे पाठवलं. शेवटी मी खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं, पेपरचं, तुझ्या हॉलमधलं, आणि त्या आधीचंही.

ताई, मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. मला त्या वर्षीचं आठवतं ते असं, की बर्फाचा बोगदा करून बाबा मला खांद्यावरून नेत होते आणि घरी आई ते वरून पिवळंधमक पुडिंग द्यायची. मी सगळीकडे सांगत आलो की आमचं लहानपण मजेत गेलं. लग्नात सांगितलं, माझ्या निरोपसमारंभात सांगितलं. तू तिथे समोर बसली होतीस आणि टाळ्या वाजवत होतीस. हेस्टर म्हणते की अंडं फक्त माझ्या वाटणीत असायचं. बाकी तुमच्या ताटात नुसती हिरवी पानं. हे खरं आहे का?

खरं असेल तर पंचावन्नच्या वर वय झालेल्या माणसाने हे मुलीकडून ऐकावं याची मला लाज वाटते. मी कधी विचारलंच नाही की माझं पुडिंग पिवळं का होतं.

तू काही करावंस असं मी म्हणत नाही. चूक पोरीचीच आहे आणि तिला मी सोडलेलं नाही. पण ती स्वतःची कड घेऊन एक शब्दही बोलत नाही, हे तुला ठाऊक असावं.

धाकट्यावर राग धरू नकोस.

तुझा,
जॉस


ब्रॅकनगिल,
ता. २३ ऑगस्ट १९९८

चि. जॉसला ताईचे आशीर्वाद.

खरं आहे. कोंबडी एकच उरली होती आणि सगळ्यांत लहान तू. आईने ठरवलं आणि आम्ही मानलं, यात कुणी त्याग वगैरे केला नाही. आपली मधली मेरी तर तुझी वाटी चाटायला मिळावी म्हणून माझ्याशी मारामारी करायची. बिचारी गेली, नाहीतर तिनेच तुला हसून हसून सांगितलं असतं. तू रडत बसू नकोस, तुला ते शोभत नाही आणि पत्रावर डाग पडतात. दोन पडले होते.

निरोपसमारंभात टाळ्या मी मनापासून वाजवल्या. तुझं लहानपण मजेत गेलं होतं.

हेस्टरने स्वतःवर घेतलं हे तिच्या पत्रातून कळलं होतं. ते पत्र मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. हॉलमध्ये बोलले ते बोलताना मला वाटलं होतं की मी फक्त दार लावते आहे. त्या दारात तिची बोटं होती. पानं खुडल्याची लाज मला लोकांनी लावली होती. ही मात्र माझी मीच कमावली, आणि ती रोज सकाळी माझ्याआधी उठते. ईडिथ मॉसप आता मला रस्त्यात थांबवून थांबवून प्रेमाने बोलते. ते सगळ्यात जड जातं.

ब्लॅकबेऱ्या पिकायला लागल्यात, डॅमसनच्या आंबट फळांना अजून अवकाश आहे. पोरीला यातलं काही सांगू नकोस. मला काय करायचं ते मी बघते.

शेंगा निवडत राहा. आशीर्वाद.

ताई


ब्रॅकनगिल,
ता. ११ ऑक्टोबर १९९८

चि. हेस्टरला आत्याचे अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उन्हाळा घालवला. आता देते.

काल चर्चच्या हॉलमध्ये सुगीचं जेवण होतं. तुला माहीत आहे, सगळं खोरं येतं. मी मटणाचा पाय केला होता. पाद्री प्रार्थना संपवून बसले, लोकांनी चमचे उचलले, आणि मी उभी राहिले. आधी दोन दिवस आरशासमोर पाठ केलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना. खुर्चीची पाठ धरून म्हटलं की मे महिन्यात मी भाचीला खोटं पाडलं, ते खोटं मी बोलले. पानं मी खुडली होती. थडग्यांवरची खुडली, नदीकाठची संपली होती म्हणून. आम्हाला चरणारे म्हणायचे आणि म्हणणाऱ्यांपैकी दोघेतिघे इथे बसलेले आहेत, त्यांच्यावर राग नाही.

तुला वाटेल मग कुणी उठून मला जवळ घेतलं असेल. तसं काही झालं नाही. इतकं शांत झालं की बाहेर गाडीत ठेवलेलं माझं कुत्रं भुंकतंय ते मला ऐकू आलं. विल्फ ब्रेथवेट, जो वर्गात सगळ्यांत मोठ्याने ओरडायचा, तो ताटाकडे बघत राहिला, कान लालभडक. पाद्री जरा खोकले आणि त्यांनी कुणाला तरी बटाटे पुढे करायला सांगितलं. मग सगळे भराभर बटाट्यांबद्दल बोलायला लागले. मी खाली बसले. माझ्या मटणाला त्या रात्री फारसं कुणी हात लावला नाही, म्हणजे लोकांना तिथवर यायचाच संकोच वाटत असावा. घरी येऊन मी चूल पेटवली नाही. कोटासकट खुर्चीत बसून राहिले. हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं नाही वाटलं. सगळ्या खोऱ्यासमोर कपडे काढल्यासारखं वाटलं.

आज सकाळी ईडिथ फाटकाशी आली. आत ये म्हटलं तर येईना. तिने सांगितलं की तिची सासू मरेपर्यंत घरात कुणाला अन्न टाकू द्यायची नाही, आणि टायसनांची गोष्ट निघाली की उठून जायची. का, ते त्यांच्या घरात कुणाला कळलं नव्हतं. काठीबद्दल म्हातारी कधी बोलली नाही. मग ईडिथने विचारलं की ती पानं चवीला लागतात कशी. मी सांगितलं, पालकाची भाजी रागावली तर जशी लागेल तशी. ती हसली नाही. मान हलवून गेली.

पेपरला मी स्वतः लिहिलं आहे, माझ्या सहीने. छापायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

तुझी चूक मी विसरलेले नाही. पण तुझी होती तेवढीच तुझी, आणि मी माझी तुझ्या अंगावर टाकली. सोबत डॅमसन पाठवते. या वर्षी झाडं वाकली आहेत. साखर कमी घालू नकोस, तुला ती सवय आहे, दात आंबतात.

जॉसला सांग बोलले म्हणून. आशीर्वाद.

तुझी आत्या,
ॲग्नेस


केंडल,
ता. २९ नोव्हेंबर १९९८

ती. आत्यास हेस्टरचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी पाच वेळा उत्तर लिहायला बसले आणि दर वेळी डॅमसनबद्दलच लिहिलं गेलं, म्हणून फाडलं. आता डॅमसन संपले. अर्धे मुरांबा करून ठेवले, अर्धे रानटी बदकाबरोबर गेले. साखर तू म्हणालीस तेवढी घातली.

पेपरने तुझं छापलं. आतल्या पानावर, गुरांच्या बाजाराच्या भावाखाली. मी तुझं तेवढं पान काढून ठेवलं नाही, मला ते बघवेना. तू उभी राहिलीस ते मी माझ्यासाठी मागितलं नव्हतं, तरी माझ्यामुळेच तुला उभं राहावं लागलं. बाबा म्हणतात की मी आता त्यात सारखी बोटं घालू नये. तेव्हा घालत नाही.

तुला खरं सांगायचं तर गिऱ्हाईक फारसं परतलं नाही. खोटं पाडलं गेलेलं लोकांच्या लक्षात राहतं, खरं ठरलेलं राहत नाही. मी आता शुक्रवार ते रविवार तीनच दिवस उघडते. बाकी दिवस शाळेतल्या मुलांचं जेवण रांधते. तिथेही हळूच इथलाच सलगम नि केल खपवते, मुलं नाकं मुरडतात आणि खातात. ब्राइडी शनिवारी येते. म्हणते की मेणबत्त्या वाढायची वेळ आली नाही हे काय कमी आहे.

एक मागणं आहे. तू माझ्या टेबलावर एकदाही जेवली नाहीस. या हिवाळ्यात ये. बाबा तुला स्टेशनवर घ्यायला येतील, कंबरेचं काय ते त्यांचं ते बघतील. एप्रिलच्या पुडिंगचं मी मनातून काढून टाकलं आहे. ते तुझं आहे. पुन्हा करीन तर तू सांगशील तेव्हा, नाहीतर नाही.

वाट बघते. तुझ्या मायेवर माझा हक्क आता उरला आहे की नाही ठाऊक नाही, तरी मागते.

तुझी,
हेस्टर


ब्रॅकनगिल,
ता. १४ मार्च १९९९

चि. हेस्टरला आत्याचे अ. उ. आशीर्वाद.

सुखरूप पोचले. जॉसने डब्यात चढवून दिलं आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभा राहिला. कंबर दुखत असणार, पण बसला नाही.

तुझ्याकडे जेवले त्याबद्दल तिथे मी काही बोलले नाही, तू सारखी दारातून डोकावत होतीस ते दिसत होतं. आता बोलते. मटण उत्तम होतं. जव जरा पुढे गेले होते. लीक मी करते त्याहून बरे. मी नेहमीसारखी ताटली पावाने पुसली आणि मग चटकन आजूबाजूला बघितलं, कुणी पाहिलं की काय म्हणून. पासष्टाव्या वर्षीही ते बघणं सुटत नाही. तुझ्या त्या मऊ खुर्च्यांवर, इस्त्री केलेल्या कापडापुढे, मला सारखं वाटत होतं की आत्ता कुणीतरी येऊन विचारील तू इथे कशी. कुणी विचारलं नाही. तुझ्या ब्राइडीने येऊन आणखी पाव ठेवला आणि गेली. ती बाई मला आवडली.

त्या रात्री तू मला तुझ्या खोलीत झोपवलंस आणि स्वतः जमिनीवर झोपलीस. मी जागी होते. तू मला काहीतरी विचारावंस अशी वाट बघत होते. तू विचारलं नाहीस. न विचारायचं तू ठरवलं आहेस हे माझ्या ध्यानात आलं. परत येताना गाडीत तेच डोक्यात होतं.

तर आता मीच लिहिते. इथे बर्फ वितळलं आहे. आणखी दोन-तीन आठवड्यांनी पानं वर येतील. मेपर्यंत तुझ्याकडे वाढायला नवं काही असणार नाही, तेव्हा पुडिंग कर. जेवणाच्या यादीत त्याच्या खाली गोष्टही लिही. बर्फ, मेंढ्या, थडगी, शाळा, जे सांगितलं होतं ते. मॉसपांचं नाव घालू नकोस, ईडिथला अजून इथे राहायचं आहे. अंडं सगळ्यांना घाल.

आणि आईचं नाव देऊ नकोस. गेल्या वर्षी तू यादीत आजीचं पुडिंग म्हणून लिहिलं होतंस. ती गेली, तिला कसं वाटलं असतं ते आता विचारता येत नाही. कदाचित तिने तुझं तोंड बघितलं नसतं. तिचं नाव खाली घालायचा अधिकार तुला नाही आणि मलाही नाही. माझं घाल. ॲग्नेस टायसन, ब्रॅकनगिल, असं पूर्ण. कुणी विचारलं तर मी जिवंत आहे म्हणून सांग.

हे मी तुला आनंदाने सांगते आहे असं समजू नकोस. तुझ्या टेबलावरचे लोक माझं नाव वाचतील या विचाराने आत्तासुद्धा कान तापले आहेत. तरी घाल.

आत्या


केंडल,
ता. ११ एप्रिल १९९९

ती. आत्यास हेस्टरचा सा. न. वि. वि.

काल केलं. आठ माणसं होती. तू लिहिलंस तसं सगळं लिहिलं, तुझ्या नावासकट, आणि छापायच्या आधी तुला पाठवायचं मनात होतं, पण पानं थांबली नसती. म्हणून सोबत पाठवते आहे. एखादं वाक्य खटकलं तर पुढच्या शनिवारी काढते.

तिघांनी पुडिंग अर्धं ठेवलं. एका मुलीने आईला विचारलं की हे खायलाच हवं का. आई तो यादीचा कागद वाचत राहिली, आणि मग तिने मुलीची ताटली आपल्याकडे ओढून संपवली.

जेवणं झाल्यावर बाबांनी त्यांच्यासाठी पुडिंग मागितलं. मला सांगितलं की आज त्यात अंडं नको. मी नुसती पानं नि जव दिले. ते कोपऱ्यातल्या त्यांच्या खुर्चीवर बसून सावकाश खात राहिले. चव कशी आहे ते मी विचारलं नाही. सगळं संपवून ताटली स्वतः धुऊन ठेवली, आणि मला म्हणाले की ताईला कळव, फार कडू होतं.

ते सांगितलं तसं कळवते.

हेस्टर